मॅजिक द गॅदरिंग: "हे कार्ड मेलं का जगलं?" नियमांच्या किचकट प्रश्नांचा धागा

पत्तेवाला

नमस्कार मंडळी,

मॅजिक (आपापला पत्त्यांचा गठ्ठा म्हणजे डेक घेऊन एकमेकांशी लढायचा खेळ) खेळणारे इथे बरेच जण आहेत हे मागे पत्त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या तेव्हा कळलं. कोणी फोनवर अरीना (याच खेळाचं अ‍ॅप) खेळतं, कोणी चौघं जमवून कमांडर हा प्रकार, कोणाकडे कॉलेजातले जुने डेक कपाटात पडून आहेत. पण नियमाचा प्रश्न आला की सगळं इंग्रजीत, आणि मूळ नियमावली अडीचशे पानांच्या वर, नवीन माणसाला पहिल्याच पानावर घाम फुटतो. म्हणून म्हटलं मराठीत एक धागा असावा जिथे बिनधास्त विचारता येईल.

धागा आत्ताच का काढला तेही सांगतो. आम्ही पुण्यात रविवारी एका मित्राच्या घरी आठदहा जण खेळायला जमतो. त्यात तेरा वर्षांचा एक मुलगा येतो, खूप मन लावून खेळतो. त्याला वाढदिवसाला टार्मोगॉइफ मिळालं होतं, तेच त्याने उतरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या आणि मेलेल्या कार्डांचा ढीग) मिळून जितक्या प्रकारची कार्डं असतील तितकी या प्राण्याची पॉवर (किती डॅमेज देतो), आणि त्याहून एक जास्त टफनेस (किती डॅमेजला मरतो). तेव्हा ग्रेव्हयार्डमध्ये फक्त एक लँड (जमीन) आणि एक क्रीचर (प्राणी), म्हणजे हा २/३, पॉवर दोन आणि टफनेस तीन. समोरच्याने लाइटनिंग बोल्ट मारला, तीन डॅमेज. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं कारण सगळ्यात जुना खेळणारा मी. मी म्हटलं तीनला तीन, गेलं. त्याने कार्ड उचललं, स्लीव्हचा कोपरा दुमडला होता तो नखाने सरळ केला, आणि गपचूप ग्रेव्हयार्डवर ठेवलं. पुढच्या दोन टर्नात हरला.

रात्री जेवण झाल्यावरही ते डोक्यातून जाईना म्हणून नियमावली उघडून बसलो आणि कळलं की मी चुकलोय. बोल्टचं काम चालू असताना बोल्ट अजून स्टॅकवरच (टाकलेली कार्डं आपापली पाळी येईपर्यंत थांबतात ती जागा) असतो. डॅमेज झालं, आणि मग काम संपवतानाची शेवटची पायरी म्हणून बोल्ट स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जातो. कोण मेलं कोण जगलं याची तपासणी त्याच्या नंतर होते. तोवर ग्रेव्हयार्डमध्ये इन्स्टंट (बोल्ट त्यातलाच) हा तिसरा प्रकार आलेला असतो, म्हणजे टार्मोगॉइफ ३/४ झालेला असतो, अंगावर तीन डॅमेज, टफनेस चार. जगला!

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं की त्या दिवशी तुझं कार्ड जगलं होतं, चूक माझी. तो म्हणाला, "काका मला वाटलंच होतं, पण तुम्ही म्हणालात म्हणून ठेवलं." हे मला फार लागलं. त्याचं उत्तर बरोबर होतं आणि माझ्या वयापुढे त्याने ते गिळलं.

तर इथे विचारताना कार्डाचं पूर्ण नाव, टर्न कोणाचा आणि टेबलवर काय काय होतं हे लिहा. उत्तर देणाऱ्यांनी नुसतं हो-नाही न लिहिता *का* तेही लिहा ही विनंती.

केतकी_प

अरे वा, मी पहिली! मी चार महिन्यांपासून अरीना खेळतेय, तिथे कॉम्प्युटर निकाल लावून मोकळा होतो पण कारण सांगत नाही. माझं २/२ अस्वल होतं, समोरच्याने शॉक मारला म्हणजे दोन डॅमेज, मी लगेच जायंट ग्रोथ टाकलं, +३/+३, अस्वल ५/५ होऊन जगलं, इथपर्यंत कळलं. पण टर्न संपला की ते +३/+३ जातं ना? मग अस्वल परत २/२ आणि अंगावर दोन डॅमेज आहेच, तर तेव्हा मरायला हवं होतं, पण मेलं नाही. असं का?

पत्तेवाला

केतकी, प्रश्न फार छान आहे, कारण बहुतेक जण "जगलं ना, बास" म्हणून पुढे जातात. टर्नच्या अगदी शेवटी क्लीनअप नावाची पायरी असते. त्यात अंगावरचं सगळं डॅमेज पुसलं जातं आणि "या टर्नच्या शेवटापर्यंत" वाले सगळे परिणाम संपतात, आणि या दोन्ही गोष्टी *एकाच क्षणी* होतात. एक आधी एक नंतर नाही. त्यामुळे अस्वल २/२ झालेलं आणि दोन डॅमेज अजून अंगावर असा क्षणच येत नाही.

पण उलटं करून बघ. तू आधी जायंट ग्रोथ टाकलंस आणि त्यावर त्याने शॉक मारला, तर अस्वल मेलं. स्टॅक म्हणजे पंगतीतल्या ताटांची चळत, शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं. शॉक वर आहे, तो आधी होणार, २/२ अस्वलावर दोन डॅमेज, खलास. मग जायंट ग्रोथची पाळी येते तेव्हा टार्गेटच उरलेलं नसतं, ते काही न करता ग्रेव्हयार्डमध्ये जातं. म्हणून असली कार्डं हातात धरून ठेवायची, आधी समोरच्याला हात दाखवू द्यायचा.

केतकी_प

आई गं. मी कायम आधी टाकते. चार महिने!

नाशिककर

राग मानू नका पण एक विचारतो. मित्रांत खेळताना एवढा काथ्याकूट कशाला? आम्ही मेंढीकोट खेळतो तेव्हा डाव वाटायच्या आधी ठरवून घेतो, या घरी हुकूम असा लावायचा, त्या घरी तसा. मॅजिकमध्येही टेबलवर बसून ठरवून घ्यावं की.

पत्तेवाला

नाशिककर, राग कसला. मेंढीकोटात बावन्न पानं असतात आणि चारही जणांना ती पाठ असतात, म्हणून आधी ठरवता येतं. इथे १९९३ पासून आजवर पंचवीस हजारांहून जास्त वेगवेगळी कार्डं छापली गेलीत, कुठली दोन एकमेकांसमोर येतील हे डाव सुरू व्हायच्या आधी कोणालाच माहीत नसतं. भांडण ऐन रंगात आल्यावर लागतं आणि तेव्हा "ठरवून घेऊ" म्हटलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं. त्या मुलाचं झालं ते तसंच झालं. त्याने डेक बांधताना विचार करून ते कार्ड घातलं होतं. त्या विचाराचं फळ मी माझ्या अंदाजाने काढून घेतलं. नियमावली जाड आहे ती तेवढ्यासाठीच, की दहावीतला मुलगा आणि पन्नाशीचा माणूस समोरासमोर बसले तरी निकाल तोच लागावा.

हॉस्टेल_२१२

मला मात्र सगळेच नियम बदललेत असं वाटतंय!! २००१ साली हॉस्टेलवर एकाच्या भावाने अमेरिकेतून दोन डेक आणले होते, रात्र रात्र खेळायचो, मग नोकरी लग्न वगैरे, आता वीस वर्षांनी मुलीला शिकवायला बसलो तर ती म्हणते बाबा असं होत नाही. माझं आवडतं कार्ड मॉग फॅनॅटिक, १/१, त्याला सॅक्रिफाइस केलं (आपणच त्याचा बळी दिला) की कोणालाही एक डॅमेज. आम्ही त्याने २/२ ला ब्लॉक करायचो, लढाईचं डॅमेज स्टॅकवर ठेवायचो आणि मग त्याला सॅक्रिफाइस करून आणखी एक द्यायचो, म्हणजे एक अधिक एक दोन, समोरचा मेला. मुलगी म्हणते दोन्ही मिळणार नाही. कोण बरोबर?

सिएटलचा_पाऊस

मुलगी बरोबर :) आणि तुम्हीही तुमच्या काळात बरोबर होतात.

मी इकडे सिएटलजवळ राहतो, हा खेळ काढणारी कंपनी इथून जवळच रेंटनला आहे, आणि गेली काही वर्षं मी दुकानांतल्या छोट्या स्पर्धांमध्ये जज म्हणून उभा राहतो. स्टॅक आला १९९९ मध्ये, सिक्स्थ एडिशनबरोबर, आणि तेव्हापासून लढाईचं डॅमेजही स्टॅकवर जायचं. जुलै २००९ मध्ये मॅजिक २०१० सेट आला त्यात ते काढून टाकलं. आता डॅमेज थेट होतं, मधे कोणाला काही करायला जागाच नाही. म्हणजे फॅनॅटिकने एकतर लढायचं नाहीतर त्याआधी स्वतःला फेकायचं. त्याच वेळी माना बर्नही गेला (माना म्हणजे कार्डं टाकायला लागणारी शक्ती), तुम्ही न वापरलेल्या मानाने लाइफ कमी करत असाल तर तेही आता नाही.

आणि २००९ लाच आलेली एक गोष्ट अलीकडे गेली. अनेक ब्लॉकर असतील तर हल्ला करणाऱ्याने त्यांची रांग लावायची, पहिल्याला मरण्याइतकं दिल्याशिवाय दुसऱ्याला द्यायचं नाही असं होतं ना, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये फाउंडेशन्स सेटबरोबर काढलं. आता डॅमेज देताना हवं तसं वाटा.

हॉस्टेल_२१२

मुलीला वाचून दाखवलं, ती घरभर नाचतेय. आता तिचाच प्रश्न. तिच्याकडे ६/६ आहे, त्याला ट्रॅम्पलही आहे आणि कशाने तरी डेथटचही मिळालंय. मी दोन ४/४ ने ब्लॉक केलं. मी म्हणतो आठ टफनेस आहे, मला काही लागणार नाही.

सिएटलचा_पाऊस

तुम्हाला चार लागणार. ट्रॅम्पलमध्ये ब्लॉकरना *मरण्याइतकं* द्यायचं आणि उरलेलं खेळाडूला. डेथटच असलं की मरण्याइतकं म्हणजे एक. दोघांना एकेक, उरले चार. दोन्ही ४/४ पण मेले.

अथर्वची_आई

मला हा खेळ येत नाही, मुलगा बाजूला उभा राहून सांगतोय ते टाइप करतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. त्याच्याकडे डार्कस्टील मिर आहे, ०/१, आणि त्यावर इनडिस्ट्रक्टिबल लिहिलंय. त्याच्या ताईने डिसफिगर टाकलं, त्याने -२/-२ होतं म्हणे. ताई म्हणते मेलं, हा म्हणतो इनडिस्ट्रक्टिबल म्हणजे मरूच शकत नाही. दोघं अर्धा तास भांडतायत आणि माझा कुकर तीन शिट्ट्या देऊन थांबलाय.

पत्तेवाला

ताई, अथर्वला सांगा की कार्डावर "मरणार नाही" असं कुठेच लिहिलेलं नाही, "नष्ट होणार नाही" असं लिहिलंय. नष्ट करणं म्हणजे डिस्ट्रॉय हा या खेळातला एक ठराविक शब्द आहे. जिथे कार्ड म्हणतं डिस्ट्रॉय, किंवा टफनेसएवढं डॅमेज बसतं, तिथे मिर वाचेल. पण टफनेस शून्य किंवा त्याखाली गेली की नियम म्हणतो क्रीचर सरळ ग्रेव्हयार्डमध्ये ठेवा, तिथे नष्ट करणं हा प्रकारच नाही, मग ढाल कशाला लागणार? यावेळी ताईचं बरोबर.

पण त्याला हेही सांगा की ताईने बोल्ट मारला असता तर तो जिंकला असता.

अथर्वची_आई

सांगितलं. म्हणतोय "मग मी तिला बोल्टच टाकायला लावतो". धन्यवाद हो.

केतकी_प

याच्यावरूनच एक. माझा ब्लॅक नाइट, प्रोटेक्शन फ्रॉम व्हाइट. त्याने राथ ऑफ गॉड टाकलं, ते पांढरं कार्ड आहे, तरी माझा नाइट मेला. मला वाटलं होतं पांढऱ्यापासून संरक्षण म्हणजे पांढऱ्या सगळ्यापासून.

पत्तेवाला

प्रोटेक्शन हा शब्द ऐकायला चिलखतासारखा वाटतो पण तो चारच गोष्टी थांबवतो. डॅमेज, चिकटणं, अडवणं, टार्गेट करणं. पांढऱ्याचं डॅमेज बसत नाही, पांढरा ऑरा त्याला चिकटत नाही, पांढरं क्रीचर त्याला ब्लॉक करू शकत नाही, पांढरा स्पेल (मंत्र) त्याला टार्गेट करू शकत नाही. आता राथ ऑफ गॉड वाच. "सगळी क्रीचर्स नष्ट करा." टार्गेट हा शब्द आहे? नाही. डॅमेज? नाही. चारातलं एकही दार तो वाजवत नाही. स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स असतं तर तुझ्या नाइटला हातही लावू शकलं नसतं, कारण ते टार्गेट करतं.

आणि टार्गेट कोण तेही बघायचं. डायबॉलिक एडिक्टवर लिहिलंय "टार्गेट खेळाडू एक क्रीचर सॅक्रिफाइस करतो". टार्गेट तू आहेस, तुझं क्रीचर नाही. त्यामुळे एकटंच असलेलं हेक्सप्रूफ (समोरच्याला टार्गेट करता न येणारं) क्रीचरसुद्धा त्याने जातं, आणि समोरचा "हेक्सप्रूफ आहे!" म्हणून ओरडतो तेव्हा त्याला शांतपणे कार्ड वाचायला द्यायचं.

सिएटलचा_पाऊस

पत्तेवाले, हे "कार्ड वाचायला द्यायचं" सगळ्यात महत्त्वाचं. मला टेबलवर बोलावलं की मी आधी कार्ड हातात घेऊन वाचतो, शंभर वेळा बघितलेलं असलं तरी. पूर्वी एकदा आठवणीतून उत्तर दिलं होतं आणि चुकलं होतं, तेव्हापासून सवय लावून घेतली.

फक्त एक सावधगिरी, जुनं कार्ड असेल तर छापलेला मजकूर अंतिम नाही. प्रत्येक कार्डाचा आजचा अधिकृत मजकूर असतो त्याला ओरॅकल म्हणतात, कंपनीच्या गॅदरर साइटवर मिळतो. हॉस्टेल_२१२ यांच्या जुन्या लाइटनिंग बोल्टवर "क्रीचर किंवा खेळाडू" असं छापलेलं असेल, २०१८ मध्ये डॉमिनेरिया आलं तेव्हापासून त्याचा अर्थ "कुठलंही टार्गेट", म्हणजे प्लेन्सवॉकरलाही (खेळाडूच्या मदतीला येणारं पात्राचं कार्ड) मारता येतो. काही जुन्या कार्डांवर "बरी" (bury) म्हणजे "पुरून टाका" असा शब्द असायचा, आज तो शब्दच खेळात नाही.

आणि जज म्हणून एक गोष्ट मी सांगत नाही. "मी आता ब्लॉक करू का" याचं उत्तर नाही देत. नियम काय ते सांगायचं, खेळायचं त्यांनी. कधी कधी फार जड जातं, समोर नवीन पोरगी असते, तिच्या हातात डाव जिंकणारं कार्ड आहे आणि तिला दिसत नाहीये. तरी गप्प बसायचं, कारण समोर बसलेल्यालाही मीच न्याय द्यायचा आहे.

विक्रांत_कमांडर

माझे दोन. पहिला, डबलिंग सीझन टेबलवर आहे आणि मी गॅरुक वाइल्डस्पीकर हा प्लेन्सवॉकर टाकला. तीन लॉयल्टीचा (प्लेन्सवॉकरची ताकद मोजणारे काउंटर म्हणजे खुणा) तो सहा घेऊन आला, बरोबर? मग मी त्याचं +१ वापरलं तर दोन वाढायला हवेत, पण ग्रुपमध्ये म्हणतात एकच. एकदा दुप्पट आणि एकदा नाही हे कसं?

पत्तेवाला

ग्रुपचं बरोबर. क्षमतेच्या ओळीत दोन टिंबं असतात, आपल्या विसर्गासारखी. टिंबांच्या डावीकडे जे आहे ती किंमत, उजवीकडे आहे तो परिणाम. डबलिंग सीझन म्हणतं की *परिणामाने* काउंटर ठेवले जात असतील किंवा टोकन बनत असतील तर दुप्पट. +१ हा टिंबांच्या डावीकडे आहे, ती तू मोजलेली किंमत आहे, परिणाम नाही. पण गॅरुकचं -१ वापर, उजवीकडे "३/३ बीस्ट टोकन बनवा" आहे, तो परिणाम, तिथे दोन बीस्ट मिळतील. आणि सहा घेऊन आल्यामुळे त्याच टर्नला -४ सुद्धा परवडतं, हे विसरू नकोस!

किंमत मोजताना कोणाला मधे पडता येत नाही हेही त्यातच आलं. "सॅक्रिफाइस करा" हे डावीकडे असेल तर "थांब, त्याआधी मी त्याला मारतो" म्हणता येत नाही, तुला कळेपर्यंत तो गेलेला असतो.

विक्रांत_कमांडर

विसर्ग! हे डोक्यात बसलं. आता दुसरा, यावरून खरंच अबोला धरलाय मित्राने. त्याचा ब्लड मून टेबलवर, म्हणजे नॉनबेसिक लँड (साधे मूळ लँड सोडून बाकीचे) सगळे माउंटन, म्हणजे लाल माना देणारे. मग मी अर्बोर्ग हा लँड टाकला, त्यावर लिहिलंय प्रत्येक लँड इतर प्रकारांखेरीज स्वॅम्पही आहे. माझं म्हणणं अर्बोर्ग नंतर आलाय, नवीन टाइमस्टँप (टेबलवर आल्याची वेळ) त्याचा, म्हणजे सगळे लँड स्वॅम्पही झाले, मला काळा माना मिळतो.

हॉस्टेल_२१२

बरोबर वाटतंय, नंतर आलेला जिंकतो असंच आमच्या वेळीही होतं.

सिएटलचा_पाऊस

नाही, मित्राचं बरोबर आहे विक्रांत. थोडं लांबेल पण नीट सांगतो, कारण या खेळातली मला सगळ्यात आवडणारी जागा हीच आहे.

कायम चालू असणारे परिणाम एकमेकांत गुंतले की नियमावली त्यांना सात थरांत लावते. आधी कॉपी, मग ताबा, मग मजकूर, मग प्रकार, मग रंग, मग क्षमता, शेवटी पॉवर-टफनेस. कुठलं कार्ड कधी आलं हे बघायच्या *आधी* थर बघायचा. ब्लड मून आणि अर्बोर्ग दोघंही लँडचा प्रकार बदलतात, म्हणजे दोघं चौथ्या थरात. एकाच थरात असले की साधारण टाइमस्टँप, इथपर्यंत तुझं बरोबर. पण त्याच्याही आधी एक प्रश्न असतो, यातला एक दुसऱ्यावर अवलंबून आहे का? नॉनबेसिक लँड माउंटन झाला की त्याच्यावर छापलेल्या सगळ्या क्षमता जातात, तो फक्त लाल माना देतो. अर्बोर्ग स्वतः नॉनबेसिक आहे. म्हणजे ब्लड मून लावला की अर्बोर्गची ती ओळच उरत नाही. उलट बाजूने बघ, अर्बोर्ग लावला तर ब्लड मूनचं काही बिघडतं का? नाही. म्हणून अर्बोर्ग ब्लड मूनवर अवलंबून आहे, आणि जो अवलंबून असतो तो थांबतो. ब्लड मून आधी लागतो, आणि मग अर्बोर्गकडे लावायला काही शिल्लकच नसतं. फांदी तुटली की घरटं गेलं, घरटं आधी बांधलं होतं का नंतर हे कोणी विचारत नाही.

अर्बोर्गचं नाव आणि लेजेंडरी असणं मात्र तसंच राहतं. दुसरा अर्बोर्ग टाकलास तर दोघांतला एकच ठेवता येईल.

विक्रांत_कमांडर

दोनदा वाचलं. मित्राला फोन करतो.

पत्तेवाला

थरांचं एक सोपं उदाहरण देतो, रोजच्या खेळात येणारं. तुम्ही २/२ वर जायंट ग्रोथ टाकलं, ५/५ झालं. मग समोरच्याने टर्न टू फ्रॉग टाकलं, त्याने क्षमता जातात आणि मूळ पॉवर-टफनेस १/१ होते. आता बेडूक केवढा? सगळे म्हणतात १/१. तो ४/४ असतो! सातव्या थराच्या आतही क्रम आहे, "मूळ आकडा अमुक" हे आधी आणि अधिक-उणे नंतर, कुठलं कार्ड आधी टाकलं याला महत्त्व नाही. एक अधिक तीन चार.

आणि शब्दांवरून किती फरक पडतो ते बघायचं तर ऑब्लिव्हियन रिंग आणि बॅनिशिंग लाइट शेजारी ठेवून वाचा, मी नवीन लोकांना पहिल्यांदा हीच जोडी दाखवतो. २००७ ची रिंग. तिच्यावर दोन वेगळ्या ओळी आहेत, आली की एक गोष्ट एक्झाइल करा (खेळाबाहेर काढा), गेली की ती परत आणा. आता रिंग आली, पहिली ओळ स्टॅकवर आहे, आणि कोणी तेवढ्यात रिंगच उडवली. दुसरी ओळ स्टॅकवर वर चढली, ती आधी होते, "परत आणा", पण अजून गेलंच काही नाहीये, त्यामुळे काहीच होत नाही. मग खालची पहिली ओळ होते, कार्ड एक्झाइल होतं. आणि परत आणणारं आता कोणीच नाही. कायमचं गेलं! लोक मुद्दाम स्वतःची रिंग स्वतःच उडवायचे यासाठी.

२०१४ च्या बॅनिशिंग लाइटवर एकच ओळ आहे, बॅनिशिंग लाइट जाईपर्यंत एक्झाइल करा. "जाईपर्यंत" या एका शब्दाने ती पळवाट बंद झाली. लाइट आधीच गेली असेल तर ती मुदत सुरू व्हायच्या आधीच संपली, कार्ड जागेवरून हलत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन्ही कार्डं कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो. काम तेच, पण वाक्य कोणीतरी इतक्या काळजीने पुन्हा लिहिलंय.

विक्रांत_कमांडर

मित्र बोलला. म्हणाला शनिवारी ये, चहा तुझ्याकडून.

हॉस्टेल_२१२

मुलीचा शेवटचा, मग झोपायला पाठवतो. तिने क्रिप्टिक कमांड टाकलं, त्यात चारातले दोन पर्याय निवडायचे असतात. तिने घेतले "टार्गेट स्पेल काउंटर करा" (म्हणजे रद्द करा) आणि "एक कार्ड काढा". मी त्यावर माझाच तो स्पेल दुसऱ्या कार्डाने हातात परत घेतला. आता काउंटर करायला काही नाही, पण तिला एक कार्ड तरी मिळेल ना?

केतकी_प

मी प्रयत्न करू का? टार्गेट एकच होतं, तो स्पेल. कार्ड काढण्यात टार्गेट शब्द नाही. क्रिप्टिकची पाळी येते तेव्हा ते एकमेव टार्गेट गेलेलं आहे, जायंट ग्रोथ आणि मेलेल्या अस्वलासारखंच. म्हणजे अख्खं क्रिप्टिक काही न करता जातं, कार्डही मिळत नाही.

सिएटलचा_पाऊस

केतकी, उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर. एवढं जोडतो, मुलीने "कार्ड काढा" ऐवजी "टार्गेट परमनंट (टेबलवर राहणारं कार्ड) मालकाच्या हातात परत" निवडलं असतं तर टार्गेट दोन झाली असती. एक गेलं तरी दुसरं शाबूत, मग क्रिप्टिक होतं, काउंटरचा भाग सुटतो आणि परमनंट हातात परत जातं. सगळीच टार्गेटं गेली तरच अख्खा स्पेल जातो.

हॉस्टेल_२१२

ती म्हणतेय उद्या पुन्हा तोच डाव मांडायचा आणि यावेळी ती माझा एकुलता ड्रॅगन परत पाठवणार आहे. शुभरात्री सगळ्यांना.